करंगळीशेजारचं बोट

बेहाला चौरस्त्याला मेट्रोत गर्दी शिरली आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या मुलीची पिशवी आभाच्या गुडघ्यावर टेकली. काळ्या कापडाची पिशवी, हल्ली सगळ्याच मुलींच्या खांद्याला असते तशी. आभाने सवयीने आधी तिच्यावरची छपाई पाहिली, शाई नीट बसलीय का, विणीत कुठे फुटलीय का; आणि मग तिला दिसलं की पांढऱ्या रेघांच्या जाळीखाली उजव्या कोपऱ्यात दोन ठिपके आहेत. एक पिवळा. त्याला लागून, जरासा खाली, लाल. त्यांच्याखाली तिरकी, झोकदार सही: शौरींद्र लाहिडी. गाडी हलली तशी पिशवी हलली आणि ते दोन ठिपके तिच्या गुडघ्याला लागायचे आणि दूर व्हायचे, लागायचे आणि दूर व्हायचे. तिने गुडघा मागे घेतला. मागे जागा नव्हती. ती पिशवीकडे पाहत राहिली आणि तिला पहिली गोष्ट सुचली ती अगदी मास्तरकीची: हे ठिपके गोल आहेत. कंपासने काढल्यासारखे गोल. आईचे कधीच गोल नव्हते.

"कुठे मिळाली गं ही?" तिने बंगालीत विचारलं.

"प्रदर्शनात, आंटी. लाहिडींचं चालू आहे ना. तुम्ही गेला नाहीत?" मुलीने पिशवी कौतुकाने पुढे धरली. "हे त्यांचे दोन डोळे. एक झोपलेला, एक जागा. त्यांच्या प्रत्येक मुखपृष्ठावर असतात."

"झोपलेला कुठला?"

मुलगी पिशवीकडे बघत विचारात पडली. "पिवळा... नाही, थांबा हं. लाल असणार." मग हसली. "ते तिथे भिंतीवर लिहिलं होतं, मी फोटो काढलाय." आणि फोन धुंडाळायला लागली. माझेरहाट आलं तेव्हाही ती धुंडाळतच होती. आभा उतरली. फलाटावर चैत्रातलं ऊन आधीच तापलं होतं, आणि तिला एकदम तहान लागली, लहानपणी लागायची तशी, घशाच्या अगदी तळाशी.

डोळे! आभाची आई, शकुन, हे ऐकून काय म्हणाली असती ते आभाला नेमकं माहीत होतं. काहीच म्हणाली नसती. हसली असती आणि कणीक भिजवायला घेतली असती. त्या ठिपक्यांत डोळा नव्हता, जाग नव्हती, झोप नव्हती, गेली तीस वर्षं या शहरातले शहाणे लोक त्यांत जे जे शोधत आले त्यातलं काहीएक नव्हतं. नुसती पांढरी रांगोळी उघडी सोडू नये, वर हळदीकुंकवाची चिमूट पडावी, नाहीतर ती अशुभ: एवढंच होतं. शकुनच्या आईने तिला सांगितलं होतं आणि तिने ते नवऱ्याची बदली व्हावी आणि बिऱ्हाड हलावं तितक्या सहज कलकत्त्याला आणलं होतं. आभाचे वडील, श्यामकांत, फोर्ट विल्यममध्ये मुलकी अधिकारी. मराठी मंडळाच्या गणपतीत रांगोळी स्पर्धेला परीक्षक म्हणून शौरींद्र लाहिडी आले होते, तेव्हा जेमतेम चाळिशीचे, दाढी, खांद्याला झोळी. शकुनच्या रांगोळीपाशी ते उकिडवे बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आमची आलपना, इथली रांगोळी, वाहते, ते म्हणाले होते, आणि ही बाई बघा, आधी ठिपके मांडते, मग त्यांना जोडते. हिच्या हातात पान आहे, पुस्तकाचं पान. दुसऱ्या आठवड्यापासून शकुन दुपारची त्यांच्या स्टुडिओत जायला लागली. बेहालालाच, छपाईचे ब्लॉक करणाऱ्याच्या दुकानावर. तेजाबाचा वास जिन्यातून वर यायचा. शाळा सुटली की आभा तिथेच जायची आणि मोठ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. टेबलाखालून तिला आईच्या चपला दिसायच्या, काढून एकीवर एक ठेवलेल्या, आणि शौरीनबाबूंचे येरझारा घालणारे पाय. "बर्गी बौदी!" ते वरून ओरडायचे. बौदी म्हणजे वहिनी; आणि बंगाल लुटायला आलेल्या मराठी स्वारांना इथे बर्गी म्हणतात, अजून त्यांच्या नावाने मुलांना भीती घालतात. "तुमच्या लोकांनी आमचं भात नेलं, सोनं नेलं, आता तुम्ही आमची मुखपृष्ठंसुद्धा नेणार!" सगळा स्टुडिओ हसायचा. शकुनही हसायची, तोंडाला पदर लावून. चित्र पुरं झालं की ती पोस्टर कलरच्या दोन बाटल्या उघडायची. कागदावर चिमूट राहत नाही, म्हणून बोट. करंगळीशेजारचं. आधी पिवळ्यात बुडवून एक, मग पुसून, लालमध्ये बुडवून दुसरा. मग ते बोट निऱ्यांच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही असं पुसायची. आणि मग शौरीनबाबू यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, ठिपक्यांखाली झोकात सही करायचे. स्टुडिओतून जे बाहेर पडतं ते स्टुडिओच्या मालकाच्या नावाने पडतं, तसा रिवाजच होता. कोणी चोरी म्हणत नव्हतं. आभाही म्हणत नव्हती. तिला वाटायचं, सही हा चित्र वाळवायचा प्रकार असतो.

मेट्रोतून उतरून संस्थेपर्यंतच्या रिक्षेत तिने ठरवलं. ठरवलं असंही नाही. ठरलेलंच होतं, ते फक्त उघडं पडलं, ब्लॉकवरचा जस्ताचा थर तेजाबात विरघळून रेघ वर यावी तसं. गेल्या आठवड्यात संचालकांनी तिला बोलावून सांगितलं होतं की लाहिडींच्या आयुष्यभराच्या मुखपृष्ठांचं एक मोठं पुस्तक संस्था काढतेय, मूळ चित्रं स्कॅन करायला त्यांनी ट्रंक भरून पाठवलीत, आणि त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी तिच्या हाताखाली करावं. निवड स्वतः लाहिडी करतील. "तुम्ही तर त्यांना लहानपणापासून ओळखता," संचालक म्हणाले होते. ती हो म्हणाली होती. संस्थेत ती दृश्यसंवाद शिकवत होती त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती, आणि दर वर्षी पडद्यावर ती मुखपृष्ठं दाखवताना ती खालची ओळ न अडखळता वाचत आली होती: कलाकार, शौरींद्र लाहिडी. आईने अट घातली होती. "मी आहे तोवर काही बोलू नकोस गं. मला त्रास होतो." गेल्या श्रावणात आई गेली. शेवटच्या दिवसांत तिच्या बोटाला तो चिमटा लावलेला असायचा, रक्तातला प्राणवायू मोजणारा, आणि नर्सने नेमकं तेच बोट निवडलं होतं, करंगळीशेजारचं. चिमट्यातल्या दिव्याने ते बोट आतून लाल दिसायचं. आभा त्याच्याकडे बघत बसायची. यंत्रावरचे आकडे तिने कधी पाहिलेच नाहीत. बोट लाल आहे म्हणजे आई आहे. मग एका सकाळी नर्सने चिमटा काढून घेतला, गुंडाळला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

मी आहे तोवर. आता ती नव्हती.

आणि तरी, चोरी एवढीच असती तर आभाने कदाचित सोडून दिलं असतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला चोऱ्यांची सवय झालेली असते, आणि रिवाज हा शब्द तिने स्वतःही कुठे कुठे वापरला होता. तिला सुटत नव्हती ती एक दुपार. ती चौदा वर्षांची होती. वडील कचेरीतच, फाइल पुढ्यात असताना गेले होते आणि घरात अजून सुतक होतं, तेरावा व्हायचा होता. पुण्याहून आलेले काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. शौरीनबाबू आले. ते दारातच रडले. खरे रडले, दाढीतून पाणी गळेपर्यंत, "श्यामदा, श्यामदा" म्हणत. नंतर त्यांनी झोळीतून जाड पुठ्ठा काढला. आईने आधीच्या आठवड्यात पुरं केलेलं चित्र होतं. "बौदी, फक्त ते दोन ठिपके राहिलेत. खाली माणूस थांबलाय, आज ब्लॉकला गेलंच पाहिजे. ते नसतील तर चित्र माझं वाटत नाही." बाटल्याही त्यांनी आणल्या होत्या, दोन्ही. आईचं कपाळ मोकळं होतं. इतकं मोकळं की आभाला त्या दिवसांत तिच्याकडे बघताना डोळे कुठे ठेवावेत ते कळत नसे. आईने पुठ्ठा मांडीवर घेतला. पिवळा ठिपका दिला. बोट पुसलं. मग थांबली. पंखा फिरत होता आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा उठत होता, बसत होता. शौरीनबाबूंनी मऊ आवाजात, अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणि लाल?" आईने बाटलीत बोट बुडवलं आणि लाल दिला. त्यानंतर ती बोट निऱ्यांना पुसायची ते पुसलं नाही. उठून मोरीत गेली आणि आभाने साबणाचा आवाज ऐकला, किती तरी वेळ, हात धुवायला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ. बाहेर शौरीनबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सही केली.

"त्यांना काय ठाऊक गं," आई पुढे एकदा म्हणाली होती. तोवर तिला वडिलांच्या जागी त्याच कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. ती पुन्हा स्टुडिओत गेली नाही आणि घरात कधी ब्रश दिसला नाही. "त्यांच्यात नसतं तसलं काही."

"त्यांच्यात नसतं?" आभा ओरडली होती. "त्यांच्यात तर विधवेच्या हाताला लाल रंग दिसला तरी बायका तोंड फिरवतात! आई, ते कुंकू आहे हे त्यांना माहीत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी एकदासुद्धा विचारलं नाही, बौदी, हे ठिपके तुम्ही का देता?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं की," आई म्हणाली आणि डबा भरायला लागली.

आभा शिकवायची चांगली. मुलं तिला घाबरायची ते एकाच गोष्टीसाठी. कोणी अडलं की ती उत्तर सांगत नसे. "आठव. मी थांबते," असं म्हणून खुर्ची ओढून बसायची आणि खरोखरच थांबायची, हाताची घडी घालून, रागाशिवाय, मिनिटंच्या मिनिटं, अडलेल्या पोराच्या मानेवर घाम येईपर्यंत. मेट्रोत पिशवी दिसली त्या दिवशी ती वर्गात गेली आणि ट्रंकेतली मूळ चित्रं तिने टेबलावर मांडली. मधल्या काळातली. तिला निवडावी लागली नाहीत. हात आपोआप त्यांच्यावर जात होते, दारातल्या गर्दीतून आपलीच चप्पल पायाला सापडावी तसे. "मुखपृष्ठ म्हणजे दार," ती मुलांना म्हणाली. "घरात काय आहे ते दार सांगत नाही. घरात कोण राहतं ते सांगतं. प्रत्येकाने एक चित्र घ्या. त्यातली सगळ्यात लहान गोष्ट शोधा. ती इतकी मोठी करा की तिला लपायला जागा उरणार नाही. तेच या पुस्तकाचं मुखपृष्ठ." एकाने कावळ्याची चोच घेतली, एकीने छत्रीची काडी. चैत्रालीच्या पुढ्यात तिने स्वतःच्या हाताने तो पुठ्ठा ठेवला. त्या दुपारचा.

चैत्राली वर्गातली एकटी मराठी मुलगी. वडील आयटी कंपनीत, जन्म कलकत्त्याच्या न्यू टाउनमधला. मराठी बोलायची ती पाहुण्यांच्या घरात चपला घालून चालावं तशी. चार दिवसांनी ती स्कॅनरच्या खोलीतून धावत आली.

"मॅम, तो लाल ठिपका! मी खूप मोठी केली त्याला. आतमध्ये लाइन आहेत. बोटाचा... ठसा म्हणतात ना?"

"ठसाच म्हणतात."

"सरांचा! सरांच्या बोटाचा ठसा, मॅम. ब्रशनी नाही केला त्यांनी. माझ्या अंगावर काटा आली."

"आला."

"हां, आला." ती हसली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "मी घरी फोटो दाखवला तर आई म्हणाली, हे तर हळदीकुंकूसारखं दिसते."

"आई काय म्हणते ते राहू दे," आभा म्हणाली. "तुला काय दिसतं?" आणि आपण एका मुलीला हे काय सांगितलं ते तिला ऐकू आलं, उशिरा, दुसऱ्या खोलीत भांडं पडल्यासारखं. पण ती पडद्याकडे बघत होती. लाल रेघा एकात एक फिरत, मध्याकडे जात जात बारीक होत नाहीशा झाल्या होत्या. तिने हे बोट हजारदा धरलं होतं, रस्ता ओलांडताना, तापात, शेवटी. त्याच्यावर इतक्या वाटा असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. मोठं केलेलं ते पान पडद्यावर एखाद्या अंगणासारखं दिसत होतं. दाराशी रांगोळी घालायची नव्हती, वर्ष व्हायचं होतं. आणि ही इथे पडली होती, केवढी थोरली.

"आणि पाठीमागे?" तिने विचारलं. "पुस्तकाला मागची बाजूही असते."

चैत्रालीला सुचेना. आभाने खुर्ची ओढली. "आठव. मी थांबते." बाहेर लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं. मुलीच्या कपाळावर घाम आला आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "पुढे तेव्हाचा बोट. मागे आजचा बोट! सरांना सगळ्यांच्या समोर बोट लावायला सांगायचं. लाइव्ह, मॅम!"

"बघ बाई," आभा म्हणाली. "कल्पना तुझी आहे." हे खोटं नव्हतं म्हणूनच ते तिला रात्रभर बोचलं. कारण निवडलेलं मुखपृष्ठ छापलं जाणार होतं, मुलीचं नाव आत येणार होतं, आयुष्यातलं पहिलं छापील काम. आणि आभाला ठाऊक होतं की हे कधीच छापलं जाणार नाही. दुसऱ्या दिवशी चैत्रालीने डब्यातून पुरणपोळी आणली, आईने पाठवली म्हणाली. आभाने ती खाल्ली. स्टॅम्प पॅड तिने स्वतः आणलं. दुकानदाराने निळं पुढे केलं. लाल द्या, ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी शौरीनबाबू आले ते काठी टेकत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पंजाबी कुडत्यात, दाढी आता पूर्ण पांढरी. दारातच त्यांनी तिचा हात धरला. "की रे बुडी! टेबलाखालची म्हातारी आता मास्तरीण झाली. बौदी कशा आहेत?"

"गेली. श्रावणात."

ते थांबले. "मला कोणी कळवलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले, तसेच, तीस वर्षांपूर्वीसारखे, ताबडतोब आणि खरे. "माझी बर्गी बौदी. किती हसायच्या." तिच्या डोक्यावर हात ठेवून ते एक क्षण तसेच उभे राहिले आणि त्या म्हाताऱ्या हाताचं वजन आभाला जाणवलं, आणि तो हात चांगला वाटला. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. दुष्ट माणसाचा सूड घेणं किती सोपं असतं. तिने खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

चोच झाली, छत्री झाली. ते प्रत्येकाला "बाः" म्हणत होते. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर तो ठसा उमटला, भिंतभर, लाल. सभागृहात कोणीतरी नकळत "ओह" केलं. चैत्राली इंग्रजीत बोलत होती, पाठ केलेलं आणि तरी आतून आलेलं: सगळे या ठिपक्याला डोळा म्हणत आले, पण हा स्पर्श आहे, तीस वर्षं हा माणूस आपल्या प्रत्येक पुस्तकाला हात लावून ते वाचकाकडे पाठवत होता. शौरीनबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना ते मनापासून आवडलं. आभा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे कुठे काही हलतंय का ते बघत होती, आणि तिला कळलं की नाही, काही हलत नाही. विसरलेत. लपवत नाहीत, विसरलेत. हे बोट आपलंच होतं असं त्यांना खरंच वाटतंय.

"आणि मागच्या पानासाठी, सर, तुमचं आजचं बोट हवंय!" टाळ्या पडल्या. चैत्रालीने कॅमेऱ्याखाली कोरा कागद ठेवला, पॅड उघडलं. म्हाताऱ्याने हसत उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवलं आणि कागदावर दाबलं, सही करायची त्याच झोकात. पडद्यावर दोन ठसे शेजारी शेजारी आले.

डिझाइनच्या मुलांना डोळे असतात. दुसरं काही नसलं तरी ते असतात. डाव्या ठशात रेघा फिरत फिरत मध्यात जात होत्या. उजव्यात त्या एका बाजूने येत, वळण घेत आणि आल्या बाजूने परत जात होत्या, केसांच्या आकड्यासारख्या. थोडी कुजबुज झाली.

"दुसरं बोट असेल, सर," मागच्या रांगेतला एक मुलगा मदतीच्या सुरात म्हणाला.

"हो, हो. कोणतं ते कोण लक्षात ठेवतं!" त्यांनी मधलं बुडवलं. मग त्याशेजारचं. मग अंगठा. प्रत्येक ठसा पडद्यावर यायचा आणि प्रत्येकाकडे सगळं सभागृह मान वळवून बघायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. "डावा हात, सर!" आणखी कोणी. मुलांना आता खेळ वाटत होता. कोणी हसलंही, प्रेमानेच. चैत्राली कागद बदलत होती. संचालक घड्याळ बघत होते. आभा दाराजवळच्या खुर्चीत बसून होती, आणि तिला जे वाटत होतं ते सुख होतं. त्याला दुसरं नाव द्यायची तिची इच्छा नव्हती. ते तळव्यांतून वर येत होतं, ऊबदार, तेजाबाच्या वासाचं. धुवा, ती मनात म्हणत होती. आता किती वेळ धुवाल ते बघते मी.

डाव्या हाताची तीन बोटं झाली तेव्हा शौरीनबाबू थांबले. लाल झालेले दोन्ही हात त्यांनी पांढऱ्या पंजाबीपासून लांब, हवेत धरले होते. ते पडद्याकडे बघत होते आणि या वेळी खरंच बघत होते, परीक्षक म्हणून रांगोळीपाशी उकिडवे बसले होते तसे. मग हळूहळू त्यांची मान वळली. दारापर्यंत. आभापर्यंत. तिने नजर हलवली नाही.

"थाक," ते म्हणाले. राहू दे. आणि मग, माईकमध्ये नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे माझं नाही. हे बौदीचं आहे."

ते बसले नाहीत, आभाला वाटलं होतं ते खाली बसतील. उभे राहूनच म्हणाले, "ही चित्रं... यातली पुष्कळशी... बौदी करायच्या. माझ्या स्टुडिओत. मी सही करायचो." संचालक अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आणि तेवढ्यात चैत्रालीने, तिचा चेहरा उतरला होता पण शिकवलेलं ती विसरली नव्हती, कलाकाराचं नाव कव्हरच्या फायलीत आधी लिहायचं हे आभानेच तिला शिकवलं होतं, चैत्रालीने लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावर ठशाखाली कर्सर लुकलुकायला लागला.

"सर, बौदीचं नाव काय लिहू?"

शौरीनबाबूंनी तोंड उघडलं. "बौदी," ते म्हणाले. "श्यामदांची..." आणि थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एक हात कपाळाकडे नेला, तो लाल आहे हे आठवून अर्ध्यातच थांबवला. सात वर्षं रोज दुपारी. चपला एकीवर एक. बौदी, चहा, बौदी, तो निळा जरा उतरवा, बर्गी बौदी! त्यांनी आभाकडे पाहिलं. विनवणीने, लहान मुलासारखं.

नाव तिच्या जिभेवर होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं, वडिलांनी निवडलेलं, शेवटी दवाखान्याच्या पट्टीवर चुकीचं छापलेलं. ती ते आत्ता उच्चारू शकली असती आणि चैत्रालीने ते लिहिलं असतं आणि ते तिथे आलं असतं, त्याच्या जागी, ठिपक्याखाली. आणि शौरीनबाबूंनी ते लगेच उचललं असतं, "हो, हो," म्हणाले असते, ओलावल्या डोळ्यांनी दोनदा उच्चारलं असतं, आणि उद्यापासून ते त्यांना कायम ठाऊक होतं असं झालं असतं. सहीसारखं. तेही त्यांचंच झालं असतं.

तिच्या पर्समध्ये रुमाल होता. तिने तो काढला नाही. तिने खुर्ची जरा पुढे ओढली. खुर्चीच्या पायांचा फरशीवर आवाज झाला, आणि तिच्या वर्गातली सगळी मुलं तो आवाज ओळखून ताठ बसली.

"आठवा, शौरीनबाबू," आभा म्हणाली. "आम्ही थांबतो."

आणि तिने हाताची घडी घातली.